कॉइलचे ओहम आणि वॅट कसे ठरवायचे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती आधीपासून ई-सिगारेट वापरणाऱ्या प्रौढांसाठी आहे. निकोटिनचं व्यसन लागतं, आणि जो सिगारेट ओढत नाही त्याने या वाटेला जाऊच नये. काही देशांत या उपकरणांची विक्री, आयात आणि साठवण यांवर बंदी आहे, तेव्हा आपल्याकडचा कायदा आधी बघा.

कॉइलवर, म्हणजे लिक्विड तापवून त्याची वाफ करणाऱ्या तारेच्या वेटोळ्यावर, ‘०.४ ओहम, ४०–६० वॅट’ असं छापलेलं असतं. त्याचा अर्थ काय?

ओहम म्हणजे तारेचा विरोध: त्या तारेतून जाताना विजेला किती अडथळा होतो याचं माप. वॅट म्हणजे त्या तारेत दर सेकंदाला किती उष्णता तयार होते. दोन्ही आकडे व्होल्टने जोडलेले असतात. हिशोब साधा आहे: व्होल्टला व्होल्टने गुणा आणि ओहमने भागा, वॅट मिळतात. १.२ ओहमच्या कॉइलला ३.८ व्होल्ट दिले तर १२ वॅट होतात. ०.४ ओहमच्या कॉइलला तेच ३.८ व्होल्ट दिले तर ३६ वॅट.

वॅट बदलता येणाऱ्या उपकरणात हा हिशोब तुम्हाला करावा लागत नाही. तुम्ही ५० वॅट लावले की आतली चिप कॉइलचे ओहम मोजते आणि लागतील तेवढे व्होल्ट सोडते. ०.४ ओहमला ५० वॅटसाठी साधारण ४.५ व्होल्ट लागतात आणि कॉइलमधून ११ अँपिअरच्या आसपास प्रवाह जातो.

ओहम जितके कमी तितकी वाफ जास्त, हे खरं का?

बहुतेक गैरसमज इथूनच सुरू होतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. वाफ ठरते ती तारेचा किती पृष्ठभाग लिक्विडने भिजलेल्या कापसाला टेकलाय आणि त्या पृष्ठभागावर किती उष्णता येतेय यावरून. ओहमवरून त्याचा फक्त अंदाज बांधता येतो.

दोन मांडण्या शेजारी ठेवून बघा. दोन्हींना २६ गेजची, म्हणजे साधारण ०.४ मिमी जाडीची तार आहे. दोन्ही ३ मिमीच्या सळईवर सहा वेढे देऊन गुंडाळल्या आहेत. पहिली कँथलच्या (लोखंड, क्रोमियम आणि ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या) दोन कॉइलची जोडी: एका कॉइलचे ०.८३ ओहम, अशा दोन समांतर लावल्या की ०.४१. दुसरीकडे स्टेनलेस स्टीलची एकच कॉइल: ०.४३ ओहम. स्क्रीनवर दोन्ही जवळजवळ सारख्याच दिसतात. पण सहा वेढ्यांचा पृष्ठभाग साधारण ८१ चौरस मिमी भरतो, म्हणजे कँथलच्या जोडीत तो १६२ होतो आणि स्टीलच्या कॉइलमध्ये ८१ च राहतो. दोघींना ३० वॅट द्या. जोडीत दर चौरस मिमीला साधारण १८५ मिलिवॅट येतात, आणि वाफ मऊ, कोमट असते. स्टीलच्या एकट्या कॉइलवर ३७० मिलिवॅट येतात. कापसातून लिक्विड पोचण्याआधीच तार कोरडी पडते आणि घशात करपट चटका बसतो.

‘०.४ ओहमला किती वॅट लावू?’ या प्रश्नाला नुसत्या ओहमवरून उत्तर नसतं ते यामुळेच. तार कशाची, किती जाड, कॉइल एक की दोन, हे आधी विचारावं लागतं. तयार कॉइलच्या बाबतीत हे सगळं कारखान्याने तपासून वॅटच्या पल्ल्यात उतरवलेलं असतं. निर्णय घेताना अंगावर छापलेला तो पल्ला बघा. ओहमचा आकडा त्यानंतर.

मग मी कोणती कॉइल घ्यावी?

तुम्ही झुरका कसा घेता ते आधी पाहा.

सिगारेटसारखं आधी तोंडात ओढून मग छातीत घेत असाल तर ०.८ ते १.५ ओहम आणि ८ ते १८ वॅट. हवेचं भोक लहान, वाफ थोडी, लिक्विडमध्ये निकोटिन जास्त. सिगारेट सोडण्याच्या बेतात असलेल्या माणसाने सुरुवात इथूनच करावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. हाताला, ओठांना जी सवय आहे तीच इथे चालते आणि उपकरणही छोटं लागतं.

थेट छातीत, पण जरा आवळून ओढत असाल तर ०.५ ते ०.८ ओहम आणि १८ ते ३५ वॅट. हल्लीच्या पुष्कळ पॉड उपकरणांची (ज्यांत लिक्विडची छोटी कुपी, म्हणजे पॉड, बसवतात) जागा हीच.

हवेची भोकं पूर्ण उघडी ठेवून थेट छातीत भरभरून ओढायचं असेल तर ०.१५ ते ०.४ ओहम आणि ४० ते ९० वॅट. याला मोठी बॅटरी, मोठा टँक (लिक्विडची टाकी) आणि कमी निकोटिनचं लिक्विड लागतं.

हे पल्ले ढोबळ आहेत, सीमारेषेवर एकमेकांत मिसळतात.

छापील पल्ल्यात नेमका आकडा कसा शोधायचा?

खालून वर जायचं. कॉइलवर ४०–६० वॅट असेल तर कापूस नीट भिजल्यावर ३५ वर सुरुवात करा आणि तिथे पाच-सहा झुरके घ्या. मग ४०, आणि पुढे दोन-दोन वॅटने वर. प्रत्येक टप्प्यावर तीन-चार झुरके घ्या आणि दोन झुरक्यांत किमान २०–३० सेकंद जाऊ द्या. चव आधी पुसट असते, मग भरते, मग एका ठिकाणी ती सपाट होऊन नुसती उष्णता वाढू लागते. ती जागा आली की दोन-तीन वॅट खाली या. तुमचा आकडा तोच.

पल्ल्याच्या वरच्या टोकाला रोज वापरायची कॉइल लवकर काळी पडते. बहुतेकांना खालून मध्यापर्यंतचाच भाग पुरतो. कंसात किंवा वेगळा ‘बेस्ट’ म्हणून एखादा आकडा छापलेला असेल तर शोध त्याच्या आसपासच संपतो.

हवेचं भोक बदललं की हा शोध पुन्हा करावा लागतो. हवा कॉइलला थंड करते, त्यामुळे भोक अर्धं बंद केलं तर त्याच वॅटवर वाफ गरम लागते. पूर्ण उघडल्यावर पाच वॅट जास्त सोसतात, अर्ध्यावर नाही.

नवीन कॉइल पहिल्याच झुरक्यात करपली. माल खराब होता का?

क्वचित तसंही असतं. पण दहातल्या नऊ वेळा कापूस पुरता भिजलेला नसतो. तारेच्या अगदी लगतचा कापूस सगळ्यात शेवटी ओला होतो आणि सगळ्यात आधी जळतो. एकदा करपलेला कापूस पुन्हा भिजवून सुधारत नाही, ती चव कॉइल फेकेपर्यंत राहते.

नवीन कॉइल बसवताना असं करा:

१. कॉइलच्या बाजूला जी भोकं असतात आणि ज्यांतून पांढरा कापूस दिसतो, त्या प्रत्येकात लिक्विडचे एक-दोन थेंब सोडा. वरून मधल्या पोकळीत दोन थेंब पुरेत. जास्त ओतलं तर मधली हवेची वाट तुंबते.

२. कॉइल बसवा, टँक भरा आणि ५ ते १० मिनिटं तसाच उभा ठेवा. लिक्विड घट्ट असेल तर १५.

३. बटण न दाबता हवेची भोकं बोटाने झाकून तीन-चार हलके झुरके घ्या. आतून बुडबुडे येताना दिसले की लिक्विड कापसात शिरतंय.

४. मग छापील पल्ल्याच्या खालच्या आकड्यापेक्षा पाचेक वॅट कमी ठेवून सुरुवात करा.

ओढताच आपोआप चालू होणाऱ्या पॉडमध्ये तिसरी पायरी करता येत नाही. तिथे पॉड भरून उपकरणाबाहेर ठेवा आणि पुरती १० मिनिटं थांबा.

आणखी एक सापळा: नवीन कॉइल बसवली की पुष्कळ उपकरणं आधीच्या कॉइलचे वॅट तसेच ठेवतात. काल ०.२ ओहमची कॉइल ७० वॅटवर चालत होती, आज ०.८ ओहमची लावली आणि आकडा न बघता बटण दाबलं, तर कॉइल एका सेकंदात जाते. ‘नवीन कॉइल की जुनी?’ असा प्रश्न स्क्रीनवर आला तर उत्तर देऊन लगेच वॅट तपासा.

कॉइल जुनी नाही, वॅटही पल्ल्यातच आहेत, तरी करपट चव येते.

मग लिक्विड तारेपर्यंत वेळेवर पोचत नाहीये. कारणं या क्रमाने तपासा. टँकमधली पातळी कॉइलच्या भोकांच्या खाली गेलीय का? लिक्विड त्या कॉइलसाठी फार घट्ट आहे का? एकामागून एक झुरके घेताय का? कापसाला पुन्हा भरायला काही सेकंद लागतात, आणि थंडीत लिक्विड घट्ट झाल्यावर जास्तच. झुरका पाच-सहा सेकंदांचा असेल तर तो तीनवर आणा.

टँक गच्च भरून वरचं झाकण हवाबंद झालं असेल तरी असं होतं. आतलं लिक्विड कमी होताना बाहेरून हवा यावी लागते, नाहीतर आत पोकळी ओढून धरते. बटण न दाबता एक झुरका घेऊन बुडबुडा काढला की सुटतं.

गोड लिक्विडची गोष्ट वेगळी. सुक्रालोजसारखा गोडवा वाफ होऊन जात नाही, तारेवर काळा थर बनून चिकटतो आणि तोच थर करपतो. तिथे दोष वॅटचा नसतो, लिक्विडचा असतो.

गुडगुड आवाज येतो, गरम थेंब तोंडात उडतात. वॅट कमी करू का?

उलट, बहुधा थोडे वाढवायचे. कापसात येणाऱ्या लिक्विडची पुरेशी वाफ होत नसली की उरलेलं मधल्या वाटेत साचतं. गुडगुड त्याचीच, आणि पुढच्या झुरक्यात तेच थेंब होऊन उडतं. कॉइल ४०–६० ची आणि तुम्ही ३० वर चालवताय, असं असेल तर हेच चाललंय.

आधी टँक काढून माउथपीस खाली धरा, कागदी रुमाल लावून जोरात झटका, साचलेलं बाहेर येईल. मग वॅट पल्ल्यात आणा. तरीही गळत असेल तर लिक्विड फार पातळ आहे, कॉइल पुरती आवळलेली नाही किंवा तिची रबरी कडी वळली आहे. सिगारेटसारखं गाल आत ओढून जोर लावण्याची सवय असेल तर ती रुंद भोकाच्या कॉइलला चालत नाही. त्या जोराने लिक्विड थेट आत खेचलं जातं.

कोणत्या कॉइलला कोणतं लिक्विड?

लिक्विडचे दोन मुख्य घटक: प्रोपिलिन ग्लायकॉल पातळ असतं आणि घशाला लागतं, व्हेजिटेबल ग्लिसरीन घट्ट असतं आणि दाट वाफ देतं. १ ओहमच्या वरच्या कॉइलची भोकं बारीक असतात, त्यांना निम्मं-निम्मं मिश्रण द्या. ०.५ ओहमच्या खालच्या कॉइलची भोकं मोठी असतात, त्यांना ७० टक्के ग्लिसरीनचं लिक्विड. घट्ट लिक्विड बारीक भोकाच्या कॉइलमध्ये भरलं तर ती करपते, पातळ लिक्विड मोठ्या भोकांत भरलं तर गळते. मधल्या ०.६–०.८ ओहमच्या पॉडमध्ये दोन्ही चालतात, बहुधा निम्मं-निम्मंच जास्त बरं.

निकोटिनचा आणि वॅटचा काय संबंध?

फार जवळचा, आणि याकडे दुर्लक्ष केल्याचा त्रास लगेच होतो. वॅट वाढले की दर झुरक्याला जास्त लिक्विडची वाफ होते, म्हणजे निकोटिनही जास्त जातं. १२ वॅटच्या छोट्या पॉडमध्ये २० मिग्रॅ प्रति मिलि निकोटिन सॉल्ट सहज चालतं. तेच लिक्विड ६० वॅटच्या टँकमध्ये भरलं तर दोन-तीन झुरक्यांत डोकं गरगरतं, मळमळतं, छाती धडधडते. असं झालं तर उपकरण बाजूला ठेवा, मोकळ्या हवेत बसा, पाणी प्या. उलट्या थांबत नसतील किंवा त्रास वाढत असेल तर डॉक्टरांकडे जा.

ढोबळ मानाने १५ वॅटपर्यंत १० ते २० मिग्रॅ, २० ते ३५ वॅटला ६ ते १० आणि ४० वॅटच्या पुढे ३ किंवा त्याहून कमी. युरोपीय संघाच्या नियमांत २० मिग्रॅ प्रति मिलि ही वरची मर्यादाच आहे. लिक्विडची बाटली मुलांच्या हाताला लागणार नाही अशीच ठेवा, पोटात गेलेलं निकोटिन विषारी असतं.

माझ्या उपकरणात वॅट बदलताच येत नाहीत. मग कॉइल निवडण्याला अर्थ आहे का?

आहे, उलट तिथे कॉइल हाच तुमचा वॅटचा खटका. समजा उपकरण सरासरी ३.६ व्होल्ट सोडतं. १.२ ओहमच्या पॉडला १०.८ वॅट मिळतात, ०.८ ला १६.२ आणि ०.६ ला २१.६. वाफ जास्त गरम लागत असेल तर जास्त ओहमचा पॉड घ्या, फिकी लागत असेल तर कमी ओहमचा, पण त्याच उपकरणासाठी बनलेल्यांपैकीच. पेनसारख्या काही बारीक उपकरणांना ३.३, ३.८ आणि ४.२ असे तीन टप्पे असतात. १ ओहमच्या कॉइलवर ते अनुक्रमे ११, १४ आणि १७.५ वॅटच्या जवळ जातात. दिसायला एक पायरी, पण वॅट व्होल्टच्या वर्गाने वाढतात.

बॅटरीला किती अँपिअर सोसतात, हे कसं काढायचं?

इथे चूक झाली तर नुसती कॉइल जळून भागत नाही, म्हणून नीट वाचा.

वॅट बदलणाऱ्या उपकरणात बॅटरीवरचा भार कॉइलच्या ओहमवर अवलंबून नसतो, तुम्ही लावलेल्या वॅटवर असतो. बॅटरी जवळजवळ संपलेली असते तेव्हा भार सगळ्यात जास्त, कारण कमी व्होल्टवर तेच वॅट द्यायला जास्त प्रवाह ओढावा लागतो. उपकरण ३.२ व्होल्टला बंद होतं आणि चिपमध्ये दहा टक्के वाया जातात असं धरून वॅटला २.९ ने भागा. ४० वॅटला साधारण १४ अँपिअर, ५५ वॅटला १९, ६० वॅटला जवळजवळ २१. म्हणजे २० अँपिअरच्या एका १८६५० सेलवर (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब बॅटरीवर) ५५ च्या वर जाऊ नका. दोन सेलचं उपकरण असेल तर वॅट निम्मे करून तोच हिशोब करा.

सेलवर ‘कमाल ४० अँपिअर’ असं मोठ्या अक्षरांत दिसलं तर तो आकडा बहुधा क्षणभराचा असतो. पाहायचा तो सतत सोसणारा प्रवाह, आणि तो मूळ कारखान्याच्या तांत्रिक पत्रकात असतो. १८६५० आकारात ९९०० एमएएच (सेलमध्ये किती वीज साठते याचं माप) असं छापलेलं असेल तर तो सेल सरळ खोटा आहे: या आकारातले नेहमीचे चांगले सेल ३५०० च्या आसपास थांबतात. जास्त एमएएच आणि जास्त अँपिअर एकाच सेलमध्ये सहसा मिळत नाहीत. मोठ्या वॅटला २५००–३००० एमएएचचा, पण खरे २० अँपिअर देणारा सेल घ्या.

प्लास्टिकचं आवरण फाटलेलं असेल, वरच्या टोकाची पांढरी चकती निसटली असेल तर तो सेल वापरू नका. आवरण बदलणं काही पैशांचं आणि दोन मिनिटांचं काम आहे. सुटा सेल खिशात किल्ल्यांबरोबर कधीही ठेवू नका, प्लास्टिकची डबी वापरा. सेलचं जवळजवळ सगळं अंग ऋण टोक असतं, आवरण फाटलेल्या जागी धातू टेकला की शॉर्ट.

चिप नसलेला मेकॅनिकल मॉड, म्हणजे बॅटरी थेट कॉइलला जोडणारं उपकरण, वापरावा का?

ओहमचा नियम (व्होल्टला ओहमने भागलं की अँपिअर) तोंडपाठ नसेल तर नाही. तिथे बॅटरी आणि कॉइल यांच्यामध्ये कोणी राखणदार नसतो. भरलेल्या सेलचे ४.२ व्होल्ट धरून ओहमने भागा: ०.३ ओहमला १४ अँपिअर आणि ५९ वॅट, ०.२ ला २१ अँपिअर आणि ८८ वॅट. २० अँपिअरच्या सेलला ०.२ चालत नाही. आम्ही ०.२५ च्या खाली जायला सांगणार नाही, आणि तेही मीटरवर मोजल्याशिवाय नाही.

ज्या मॉडमध्ये सेलचं धन टोक थेट टँकच्या पिनेला टेकतं, तिथे ती मधली पिन भोवतीच्या कडेपेक्षा ठळक बाहेर आलेली हवी. पिन आत दबलेली असेल तर सेल कडेला टेकतो आणि बटण न दाबताच शॉर्ट होतो. तयार कॉइलचे बरेच टँक यासाठी बनलेलेच नसतात.

स्वतः कॉइल गुंडाळायची आहे. कोणती तार, किती वेढे?

सुरुवातीला कँथल ए१ किंवा निक्रोम ८० (निकेल-क्रोमियमची मिश्रधातू). कँथल कडक, टिकाऊ, जरा सावकाश तापतं. निक्रोम मऊ, पटकन तापतं, पण त्यात निकेल असल्याने निकेलची ॲलर्जी असलेल्यांनी टाळावं. २६ गेजच्या कँथलला मीटरला ११ ओहमच्या वर, निक्रोम ८० ला साडेआठ आणि एसएस३१६एल स्टीलला ६ च्या आत.

तोंडात ओढणाऱ्यांसाठी: २८ गेज कँथल, २.५ मिमी सळई, सहा वेढे, साधारण १.१ ओहम, १० ते १२ वॅट.

आवळून थेट छातीत ओढणाऱ्यांसाठी: २६ गेज निक्रोम ८०, ३ मिमी सळई, सहा वेढे, साधारण ०.६ ओहम, १६ ते २२ वॅट. एक वेढा वाढवला तर ओहमबरोबर पृष्ठभागही वाढतो, म्हणून वॅटही थोडे जास्त लागतात. ओहम वाढले की वॅट कमी करायचे, हा सरधोपट नियम इथे उलटा पडतो.

कॉइल पोस्टमध्ये (तारेची टोकं स्क्रूने धरणाऱ्या खुंट्यांत) आवळल्यावर कापूस घालण्याआधी १०–१२ वॅटवर एकेक सेकंद बटण दाबा. मधून बाहेरच्या बाजूला एकसारखी लाल व्हायला हवी. एखादाच वेढा आधी लाल झाला तर बटण सोडा, थंड होऊ द्या, सिरॅमिक टोकाच्या चिमट्याने वेढे दाबून पुन्हा बघा. तारेची टोकं स्क्रूला लागून कापा. उरलेलं टोक टोपीला टेकलं तर शॉर्ट होतो.

कापूस कॉइलमधून ओढताना थोडा अडायला हवा, पण तार वाकायला नको. सैल कापूस गळतो, गच्च कापूस करपतो. टोकं टँकच्या खाचांत फक्त टेकवायची, कोंबायची नाहीत.

तापमान नियंत्रण लावावं का? आकडा कधीच बरोबर वाटत नाही.

आधी तार बघा. कँथल आणि निक्रोमचे ओहम तापल्यावर जवळजवळ बदलत नाहीत, त्यामुळे त्यांवर हे चालत नाही. स्टील, निकेल आणि टायटॅनियमवर चालतं. त्यांपैकी शुद्ध निकेल आणि टायटॅनियम नुसत्या वॅटवर वापरू नका आणि लाल होईपर्यंत तापवू तर मुळीच नका. स्टील दोन्हीकडे चालतं, म्हणून आमची पसंती त्यालाच.

उपकरण तापमान मोजत नाही. ते ओहम किती वाढले यावरून अंदाज करतं. एसएस३१६एल स्टीलसाठी गुणांक, म्हणजे दर अंश सेल्सिअसला ओहम किती पटीने वाढतात तो आकडा, ०.०००९२ च्या आसपास. ०.४३ ओहमची कॉइल २० अंशांवरून २२० अंशांवर गेली की ०.५१ होते. फरक जेमतेम ०.०८, आणि सगळं नियंत्रण त्या फटीत बसवायचं असतं. आता कॉइल गरम असतानाच, समजा ६० अंशांवर, मूळ ओहम नोंदवले गेले तर उपकरण ०.४४६ लाच थंड समजतं. तुम्ही २२० लावलेत, पण खरी तार २६५ अंशांच्या पुढे जाते. त्यामुळे नवीन कॉइल लावल्यावर दहा मिनिटं थांबून, खोलीच्या तापमानावर ओहम नोंदवा आणि लॉक करा.

स्क्रू ढिला असेल तर उलटं होतं: जोडातला विरोध वाढतो, उपकरणाला वाटतं तार तापली आणि ते झुरका मध्येच तोडतं. सुरुवात २०० अंशांवर करा आणि २३० च्या आत राहा. त्याच्या बरंच वर गेलं की कापूस करपू लागतो, आणि कोरड्या, अतितप्त कॉइलवर ग्लायकॉल आणि ग्लिसरीनचं विघटन होऊन फॉर्माल्डिहाइड, ॲक्रोलिनसारखे घातक पदार्थ बनतात. करपट चव आली की झुरका तिथेच सोडा, पुढे रेटू नका.

छापलंय ०.४ आणि स्क्रीनवर ०.४४ दिसतं. बिघाड?

नाही. कारखान्यातला फरक आणि जोडांचा विरोध मिळून इतकं होतंच. आकडा स्थिर असेल तर काळजी नको. तो ०.४४, ०.६, ०.५ असा उड्या मारत असेल तर टँक काढा, दोन्हीकडचे आटे आणि मधली पिन सुक्या कापडाने पुसा, कॉइल घट्ट करा. ‘चेक ॲटोमायझर’ आलं तर जोड तुटलाय. ‘शॉर्ट’ आलं तर तार कुठेतरी धातूला टेकलीय किंवा कॉइल संपली आहे, तिथे पुन्हापुन्हा बटण दाबून बघू नका.

मेश कॉइलचं गणित वेगळं असतं का?

थोडं. तारेऐवजी जाळीदार पत्रा असतो, म्हणून कमी जागेत पृष्ठभाग मोठा आणि उष्णता एकसारखी. तापतेही चटकन, त्यामुळे प्रीहीटची (झुरक्याच्या सुरुवातीला क्षणभर जास्त वॅट देणारी) जोरकस सेटिंग बंद ठेवा. पत्रा पातळ असल्याने कापूस कोरडा पडला तर सावरायला वेळच मिळत नाही.

बॅटरी फार लवकर उतरते.

३००० एमएएचच्या सेलमध्ये साधारण १०.८ वॅट-तास असतात. दहा टक्के चिपमध्ये गेले तर ६० वॅटवर साडेनऊ मिनिटांच्या आसपास चालू वेळ, म्हणजे तीन सेकंदांचे दोनशेच्या आत झुरके. १२ वॅटवर तोच सेल कागदावर साडेनऊशेच्या पुढे जातो. प्रत्यक्षात दोन्हीकडे थोडे कमीच मिळतात, कारण उपकरण सेल पूर्ण रिकामा होऊ देत नाही. दिवसभर पुरायला हवं असेल तर जास्त ओहमची, कमी वॅटची कॉइल घ्या. लिक्विडही त्याच प्रमाणात वाचतं.

कॉइल किती दिवस चालते? धुता येते का?

एक ते तीन आठवडे. गोड, गडद लिक्विड असेल तर चार-पाच दिवसही. चव मळकट झाली, लिक्विड टँकमध्ये लवकर तपकिरी दिसू लागलं की बदला. तयार कॉइल धुऊन कापसातला गाळ थोडा निघतो, पण तारेवरचा थर तसाच राहतो, त्यामुळे त्या खटाटोपात आम्हाला अर्थ वाटत नाही. हाताने गुंडाळलेली कॉइल मात्र साफ होते: जुना कापूस ओढून काढा, कमी वॅटवर थांबत थांबत तार मंद लाल करा, बटण सोडून ती पूर्ण थंड होऊ द्या, मग पाण्याखाली मऊ ब्रशने घासा, पुरती वाळवा आणि नवीन कापूस घाला. टँकची टोपी या वेळी बाहेर काढलेली असू द्या आणि पाण्याचं काम करताना तळ उपकरणापासून वेगळा करा.